टॅबलेटवर कागदी भोपळा पळवताना : वर्गात स्टॉप-मोशन चित्रफीत कशी करावी

शाळेत टॅबलेट आले की पहिल्या आठवड्यात एकच दृश्य दिसतं. मुलं ॲप उघडतात, प्रत्येक बटण दाबून बघतात, स्वतःचे चार फोटो काढतात आणि तास संपतो. यात मुलांचा दोष नाही. काय बनवायचं हे ठरण्याआधीच यंत्र हातात आलेलं असतं. सर्जनशील प्रकल्पात टॅबलेट सगळ्यात शेवटी उचलायचा असतो. गोष्ट, संवाद, मोजमाप, कापाकापी हे सगळं कागदावर झालं की टॅबलेटचं काम थोडंच उरतं आणि ते नेटकं होतं.

या लेखात एकच प्रकल्प मुळापासून शेवटपर्यंत घेतला आहे : पाचवी ते सातवीच्या मुलांनी कागदी कात्रणं हलवून केलेली पाऊण मिनिटाची स्टॉप-मोशन चित्रफीत, म्हणजे कात्रण थोडं थोडं हलवत दर वेळी एक फोटो काढायचा आणि ते फोटो भराभर दाखवून ते हलल्याचा भास करायचा. गोष्ट सगळ्यांना ठाऊक असलेली घेऊ, म्हणजे लेकीकडे जाऊन भोपळ्यात बसून परतणाऱ्या म्हातारीची. गोष्ट नवी शोधण्यात तास जात नाहीत आणि भोपळा गडगडत नेणं हा या माध्यमातला उत्तम धडा आहे. शेवटी त्याच सामानात होणारा विज्ञानाचा प्रयोग आणि पहिली-दुसरीच्या मुलांसाठी एक वेगळं ॲप, हेही थोडक्यात आहे.

ॲप आणि टॅबलेट

‘स्टॉप मोशन स्टुडिओ’ हे ॲप अँड्रॉइड आणि आयपॅड दोन्हींवर चालतं. त्याची मोफत आवृत्ती या प्रकल्पाला पुरते. काही सोयींना पैसे पडतात, पण त्यांच्यावाचून अडत नाही. आपल्याला चारच गोष्टी लागतात : एकामागून एक फोटो घेणं, आधीचा फोटो पडद्यावर पुसट दिसणं (याला ऑनियन स्किन म्हणतात), एका सेकंदात किती फोटो दाखवायचे ते ठरवणं आणि चित्रावर आवाज भरणं. ॲप शाळेच्या किंवा शिक्षकांच्या इंटरनेटवर आदल्या दिवशी उतरवून ठेवा. त्यानंतर वर्गात नेट लागत नाही, आणि नसलेलंच बरं.

चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी प्रत्येक टॅबलेटवर एवढं करा :

१. बॅटरी ८० टक्क्यांच्या वर असल्याची खात्री करा. बॅटरी सेव्हर बंद ठेवा, कारण तो मध्येच पडद्याचा उजेड कमी करतो.
२. एअरप्लेन मोड लावा. चालू चित्रीकरणात फोन किंवा सूचना आली की मुलं पडद्याला हात लावतात आणि टॅबलेट सरकतो.
३. पडदा बंद होण्याचा वेळ १० मिनिटं किंवा जास्तीत जास्त करा.
४. टॅबलेट आडवा धरून स्क्रीन रोटेशन बंद करा. नाहीतर निम्मी चित्रफीत आडवी आणि निम्मी उभी येते, ती नंतर सरळ करता येत नाही.
५. कमीत कमी अर्धा जीबी जागा मोकळी करा. जागा संपली की ॲप बंद पडतं, आणि ते नेमकं शेवटच्या प्रसंगात होतं.
६. मागच्या कॅमेऱ्याची काच मऊ सुती कापडाने पुसा. वर्गातल्या टॅबलेटवर बोटांचे तेलकट ठसे हमखास असतात. चित्र धुरकट आलं की मुलं फोकसला दोष देतात, खरं कारण काचेवर असतं.

चित्राचा दर्जा ७२० पी ठेवा. प्रोजेक्टरवर तो पुरेसा दिसतो आणि जुना टॅबलेट अडखळत नाही.

एका सेकंदात किती फोटो

सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात. वर्गात तेवढ्यांची गरज नाही. पहिल्या प्रकल्पाला सेकंदाला ८ फोटो हा आकडा घ्या. ४ घेतले तर हालचाल झटके देत जाते. १२ घेतले तर गुळगुळीत दिसते, पण तेवढ्याच लांबीसाठी दीडपट फोटो काढावे लागतात आणि मुलं थकतात. थकलेलं मूल कात्रण सरकवायचं विसरतं, आणि तिथेच चित्रफीत गोठल्यासारखी दिसते.

८ घेतले की हिशोबही सोपा जातो, सगळं आठाच्या पाढ्यात बसतं. ७ सेकंदांचा प्रसंग म्हणजे ५६ फोटो. सहा प्रसंगांची गोष्ट म्हणजे ३३६ फोटो आणि ४२ सेकंद. कात्रणं हलवून एक फोटो काढायला सरावलेल्या गटाला १५ ते २० सेकंद लागतात. म्हणजे ५६ फोटोंना १४ ते १९ मिनिटं. मांडामांड आणि आवराआवर धरून ३५ मिनिटांच्या तासिकेत एका गटाचा एक प्रसंग होतो. त्याहून लांब प्रसंग घेऊ देऊ नका. सुरुवातीला मुलांना दोन-तीन मिनिटांचा सिनेमा हवा असतो. फळ्यावर गुणाकार करून दाखवला की ती स्वतःच प्रसंग कापायला लागतात.

सेकंदाचा हा आकडा प्रकल्प उघडल्या उघडल्या ठरवून ठेवा. नंतर बदलता येतो, पण मग सगळ्या हालचालींचा वेग बदलतो आणि मोजून ठेवलेले संवाद निसटतात.

पहिल्या दोन तासिका : कागद आणि घड्याळ

वर्गाचे पाच-पाच मुलांचे गट करा. प्रत्येक गटाला एक प्रसंग द्या : म्हातारी घरून निघते, वाटेत कोल्हा भेटतो, मग वाघ भेटतो, लेकीच्या घरी खाऊन-पिऊन म्हातारी गुबगुबीत होते, भोपळा वाघासमोरून गडगडत जातो, शेवट. शेवट काय करायचा ते त्या गटाला ठरवू द्या.

प्रत्येक गट एका पानावर चार चौकटी काढतो. चौकटीत चित्र साधं चालेल, काड्यांची माणसंही चालतील. मात्र चौकटीखाली तीन गोष्टी लिहिल्याच पाहिजेत : कोण कुठून कुठे जातं, कोण काय बोलतं, किती सेकंद. तिसरी गोष्ट अंदाजाने लिहायची नाही. एकाने संवाद म्हणायचा, दुसऱ्याने मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मोजायचं. ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन’ हे नीट, ठसक्यात म्हणायला साधारण ४ सेकंद लागतात, म्हणजे ३२ फोटो. हे ३२ फोटो होईपर्यंत म्हातारीने काय करायचं? काठी हलवायची? मान डोलवायची? वाघाने जिभल्या चाटायच्या? असे प्रश्न कागदावर असतानाच सुटले पाहिजेत. बहुतेक गटांचं काम इथेच घसरतं : बोलण्यासाठी वेळ ठेवलेला नसतो, पात्र दहा फोटोंत चौकटीबाहेर जातं आणि अर्धा संवाद रिकाम्या जंगलावर ऐकू येतो.

दुसऱ्या तासिकेत प्रत्येक गट फोटोंचा तक्ता करतो. तीन रकाने पुरतात : फोटो क्रमांक, काय हलतं, किती हलतं. ‘१ ते ८ : कोणीही हलत नाही. ९ ते २४ : म्हातारी उजवीकडे, दर फोटोला ५ मिलिमीटर. २५ ते ४८ : म्हातारी थांबलेली, तोंड आणि काठी. ४९ ते ५६ : कोणीही हलत नाही.’ सुरुवातीचे आणि शेवटचे आठ फोटो स्थिर ठेवायला लावा. ते नसले तर प्रेक्षकाला चित्र समजायच्या आत हालचाल सुरू होते.

कात्रणं

पात्रांसाठी जाड कागद हवा. वहीचं पान पंख्याच्याच काय, श्वासाच्याही वाऱ्याने उचललं जातं. जुन्या लग्नपत्रिका यासाठी फार उपयोगी पडतात. फक्त चकचकीत बाजू खाली ठेवा, नाहीतर दिव्याची चमक चित्रात पांढऱ्या डागासारखी येते. लॅमिनेशनही त्याच कारणाने टाळायचं.

म्हातारीची उंची ८ सेंटिमीटर ठेवा. डोकं, धड, दोन हात आणि काठी असे सुटे तुकडे करा. नऊवारी पायघोळ काढली की पाय कापावे लागत नाहीत. चालताना एका फोटोला ३ मिलिमीटर वर, पुढच्या फोटोला ३ मिलिमीटर खाली एवढं केलं की ती टुकुटुकु चालताना दिसते. सुटे तुकडे मागून दुमडलेल्या डबल टेपच्या बारीक तुकड्याने अडकवा. टेपचा चिकटपणा आधी एक-दोनदा कपड्याला लावून कमी करून घ्या. घट्ट चिकटलेला हात फिरवताना धडच सरकतं.

बोलण्यासाठी प्रत्येक पात्राची तीन तोंडं वेगळी कापा : मिटलेलं, अर्धं उघडं, पूर्ण उघडं. दर दोन फोटोंनी तोंड बदलायचं. प्रत्येक अक्षर जुळवत बसू नका. ‘प’, ‘ब’, ‘म’ आले की तोंड मिटलेलं आणि ‘आ’ आला की उघडं, एवढं जुळलं तरी पात्र खरंच बोलतंय असं वाटतं. ही तोंडं करंगळीच्या नखाएवढी असतात आणि हमखास हरवतात. काड्यापेटीत ठेवा आणि दोन जोड जास्तीचे कापा.

आता भोपळा. तो ७ सेंटिमीटर व्यासाचा गोल कापा. परीघ व्यासाच्या २२/७ पट, म्हणजे २२ सेंटिमीटर. न घसरता एक पूर्ण गडगड झाली की भोपळा २२ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. भोपळ्याच्या कडेला, मागच्या बाजूने, घड्याळाच्या तबकडीवर असतात तशा १२ खुणा करा. दर फोटोला एक खूण फिरवायची आणि २२ भागिले १२, म्हणजे सुमारे १.८ सेंटिमीटर पुढे सरकवायचं. बारा फोटोंत, म्हणजे दीड सेकंदात एक गडगड पूर्ण होते. मुलं बहुतेक वेळा भोपळा फिरवतात भरपूर आणि सरकवतात थोडा. मग तो चिखलात रुतलेल्या चाकासारखा जागच्या जागी फिरताना दिसतो. उलट झालं तर बर्फावरून घसरल्यासारखा जातो. पार्श्वभूमीच्या जमिनीवर पट्टीने १.८ सेंटिमीटरवर फिक्या पेन्सिलच्या खुणा करून ठेवल्या की हा घोळ होत नाही. भोपळ्यावर देठ आणि एक ठळक डाग काढायला विसरू नका. नुसता सारखा नारिंगी गोल कितीही फिरवला तरी फिरलेला कळत नाही. परिघाचं सूत्र पाठ असलेल्या मुलांना ते कशासाठी असतं हे इथे हातात धरून दिसतं. गणिताच्या शिक्षकांना या तासाला आवर्जून बोलवा.

खोक्याचा स्टुडिओ

टॅबलेट हातात धरून स्टॉप-मोशन होत नाही. महागडा स्टँडही लागत नाही. किराणा दुकानातून सुमारे ४० सेंटिमीटर उंचीचं मजबूत पुठ्ठ्याचं खोकं आणा. तळाकडची बाजू पूर्ण कापून काढा. चारही बाजूंना मोठ्या खिडक्या कापा, कोपऱ्यांचे चार खांब तेवढे ६-७ सेंटिमीटर रुंद राहू द्या. खिडक्यांतून हात आणि उजेड आत येतो. वरच्या बाजूला कॅमेऱ्यासाठी २ सेंटिमीटरचं भोक पाडा. टॅबलेट पालथा ठेवायचा नाही : पडदा वर, मागचा कॅमेरा भोकातून खाली बघणारा. कॅमेरा टॅबलेटच्या कोपऱ्यात असतो, त्यामुळे भोक खोक्याच्या मध्यावर पाडून टॅबलेट एका बाजूला सरकवून ठेवावा लागतो. तो कलंडणार असेल तर त्या बाजूला पुठ्ठ्याची पट्टी लावून आधार द्या.

एवढ्या उंचीवरून बहुतेक टॅबलेटना ए-थ्री कागदाच्या आसपासचं क्षेत्र दिसतं. पण प्रत्येक कॅमेऱ्याचं वेगळं असतं, म्हणून आधी पट्टी ठेवून पडद्यावर काय मावतं ते पाहा. चित्रफितीची चौकट १६ : ९ असते, म्हणून पार्श्वभूमीच्या कागदावर ४० बाय २२.५ सेंटिमीटरची चौकट पेन्सिलने आखा. महत्त्वाचं काहीही तिच्या कडेपासून २ सेंटिमीटर आतच ठेवायचं. प्रोजेक्टरवर कडा बऱ्याचदा कापल्या जातात.

पार्श्वभूमी बाकावर चारही कोपऱ्यांनी मास्किंग टेपने चिकटवा. खोक्याच्या चार पायांभोवती बाकावर पेन्सिलने रेघ ओढा. टॅबलेटच्या कडेनेही खोक्यावर रेघ ओढा. मधली सुट्टी झाली, कुणाचा धक्का लागला, तर या रेघांमुळे सगळं मूळ जागी आणता येतं. बाक डुगडुगत असेल तर पायाखाली कागदाची घडी आधीच घाला, आणि त्या बाकावर कुणी कोपर टेकायचं नाही.

कात्रणं हलवणाऱ्या मुलांनी खोक्याच्या अशा बाजूला बसावं की पडद्यावरचं डावं-उजवं आणि त्यांच्या हाताचं डावं-उजवं एकच असेल. समोरून बसलेला मुलगा म्हातारीला दर फोटोला उलट्या दिशेला नेतो, आणि हे दहा फोटोंनंतर लक्षात येतं.

उजेड

वर्गातल्या चित्रफितीचा सगळ्यात मोठा दोष लुकलुकणं हा असतो. त्याची कारणं तीन.

पहिलं, कॅमेऱ्याचं स्वतःहून जुळवून घेणं. पांढरा सदरा घातलेला हात चौकटीजवळ आला की कॅमेरा उजेड कमी करतो, हात गेला की वाढवतो. ॲपच्या कॅमेरा सेटिंगमध्ये एक्स्पोजर (कॅमेरा किती उजेड घेतो ते) आणि फोकस लॉक करता येत असेल तर पहिल्या फोटोआधीच करा. लॉक नसेल तर हात पूर्ण बाहेर गेल्यावर दोन सेकंद थांबून मगच फोटो घ्या.

दुसरं, खिडकी. पावसाळ्यात ढग येतात-जातात आणि दहा मिनिटांत उजेड पार बदलतो. खिडकीपासून लांब बसा, पडदा ओढा आणि दोन बाजूंना दोन एलईडी दिवे साधारण ४५ अंशांतून पडतील असे ठेवा. एकच दिवा असेल तर हलवणाऱ्याच्या डोक्याची सावली चित्रात फिरत राहते.

तिसरं, चोकवाली जुनी ट्यूब. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते दिसत नाही, पण कॅमेऱ्याने फार थोडा वेळ उजेड घेतला तर एक फोटो उजळ आणि एक काळपट येतो, किंवा आडवे पट्टे उमटतात. अशी ट्यूब बंद ठेवा. स्वस्त एलईडीतही हा दोष असू शकतो, म्हणून आदल्या दिवशी रिकाम्या पार्श्वभूमीचे वीस फोटो काढून चालवून पाहा. ही चाचणी चुकवू नका. लुकलुकणारी चित्रफीत नंतर दुरुस्त होत नाही, सगळं पुन्हा काढावं लागतं.

पंखा बंद ठेवावाच लागतो. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिलच्या दुपारी हे शक्य नाही, तेव्हा हा प्रकल्प दिवाळीनंतर, थंडीत घ्यावा.

चित्रीकरण

पाच जणांची कामं अशी : एक कॅमेऱ्यावर, दोघं कात्रणं हलवायला, एक तक्ता वाचून खुणा करायला, एक चौकटीवर नजर ठेवायला. दर १४ फोटोंनी कामं बदलायची, म्हणजे ५६ फोटोंत चार फेऱ्या होतात. कामं बदलली नाहीत तर कॅमेरा एकाच धीट मुलाकडे राहतो आणि बाकीचे खिडकीबाहेर बघत बसतात.

प्रत्येक फोटोचा क्रम ठरलेला असू द्या. तक्तेवाला मोठ्याने वाचतो : ‘फोटो सतरा, म्हातारी पाच मिलिमीटर, वर.’ हलवणारे हलवतात, हात बाहेर काढतात आणि म्हणतात, ‘हात बाहेर.’ नजर ठेवणारा म्हणतो, ‘मोकळं.’ मग कॅमेरावाला बटणावर हलकेच टिचकी मारतो. बटण दाबताना टॅबलेट हलत असेल तर ॲपमधला टाइमर वापरता येतो. दर १५ सेकंदांनी आपोआप फोटो निघतो आणि कुणी टॅबलेटला हात लावत नाही. मात्र नवख्या गटाला टाइमरचा ताण येतो आणि हात चौकटीत राहतात. आमचं मत विचाराल तर पहिल्या प्रसंगाला टिचकीच बरी.

हालचालीचा वेग सुरुवातीला आणि शेवटी कमी ठेवा. म्हातारी थांबलेली असताना एकदम १० मिलिमीटर सरकवली तर ढकलल्यासारखी दिसते. तिला २, ४, ७, १०, १०, १०, ७, ४, २ मिलिमीटर असं न्या. ही नऊ आकड्यांची पट्टी मुलांना पाठ होते आणि ती आपण होऊन वाघाच्या उडीलाही लावतात. वाघाची उडी सरळ रेषेत नको. पार्श्वभूमीवर पेन्सिलने कमान आखा आणि तिच्यावरून न्या.

चुका होणारच, त्यांवरचे उपाय गटाच्या तक्त्याखाली लिहून ठेवा :

हात फोटोत आला : तेवढाच फोटो काढून टाका आणि पुन्हा घ्या. पहिल्यापासून सुरुवात करायची नाही.

कात्रण उडालं किंवा धक्क्याने सरकलं : ऑनियन स्किन वाढवा. मागच्या फोटोची पुसट प्रतिमा दिसते, तिच्यावर कात्रण तंतोतंत बसवा आणि मग पुढची हालचाल करा.

खोकंच सरकलं : पायांच्या रेघांवर आणा. तरी जुळत नसेल तर झाड, घर अशी न हलणारी वस्तू पुसट प्रतिमेशी जुळवा. अगदीच जमलं नाही तर तिथून दृश्य बदला, पात्राचा चेहरा मोठा दाखवा. प्रेक्षकाला चूक कळतच नाही.

दोन फोटोंमध्ये काहीच हललं नाही : एकदा झालं तर सोडून द्या. सलग तीनदा झालं तर जास्तीचे काढून टाका.

ज्या वर्गात एकच टॅबलेट आहे तिथे सहा गटांना सहा तासिका लागतात. तोवर बाकीच्या गटांनी टॅबलेटविना सराव करावा, म्हणजे तक्ता वाचत, कात्रणं हलवत, तोंडाने ‘टिक’ म्हणत. असा सराव केलेला गट चित्रीकरणात जवळजवळ अडखळत नाही. प्रत्येक गटाचा प्रकल्प ॲपमध्ये वेगळा ठेवा आणि त्याला प्रसंगाचं नाव द्या. सगळं एकाच प्रकल्पात घेतलं तर शेवटचा गट स्वतःची चूक पुसताना दुसऱ्याचे फोटो पुसतो.

शीर्षक आणि श्रेयनामावली ॲपमध्ये टाइप करण्यापेक्षा मुलांच्या हाताने कागदावर लिहून तिचा फोटो घ्या. जोडाक्षरं तुटण्याची भीती राहत नाही आणि वळणदार अक्षराच्या मुलाला काम मिळतं. तो एकच फोटो कॉपी-पेस्ट करून २४ वेळा ठेवला की शीर्षक ३ सेकंद दिसतं.

आवाज

आधी चित्रं पूर्ण करा. नको असलेले फोटो काढून टाकल्यावरच आवाज भरा. आवाज भरल्यावर मधला फोटो काढला की पुढचे सगळे संवाद सरकतात.

ध्वनिमुद्रण वर्गात नको. वाचनालय, किंवा चटया-सतरंज्या ठेवलेली छोटी खोली शोधा. रिकाम्या सिमेंटच्या खोलीत आवाज घुमतो. टॅबलेटचा माइक कुठे आहे ते आधी शोधा. तो बहुधा कडेला बारीक छिद्राच्या रूपात असतो, आणि मुलं अंगठ्याने नेमकं तेच झाकतात. तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटर अंतर ठेवा. थेट समोर बोललं की ‘फ’ आणि ‘भ’ला फटका बसतो, म्हणून जरा बाजूने बोला. भोपळ्याच्या गोष्टीत ‘भ’ बराच येतो.

चित्रफीत चालू करून मुलांनी पडद्याकडे बघत संवाद म्हणायचे. एका वेळी एकच संवाद भरा, म्हणजे चुकला तर तेवढाच पुन्हा घेता येतो. इतर आवाज वर्गातच तयार करा. स्टीलच्या डब्यात मूठभर गहू घालून गोल फिरवले की भोपळा गडगडतो. दोन करवंट्या बाकावर आपटल्या की टुणूक टुणूक होतं. कागदाची सुरळी करून गुरगुरलं की वाघ पुरेसा मोठा होतो. इंटरनेटवरचं सिनेमातलं गाणं लावायचं नाही. ते दुसऱ्याच्या मालकीचं असतं, आणि मुलांनी केलेल्या आवाजापुढे ते फिकंच वाटतं.

जोडणं आणि जपणं

प्रत्येक प्रसंग ॲपमधून व्हिडिओ म्हणून गॅलरीत काढा. एकत्र जोडायला किनमास्टरसारखं ॲप चालतं. त्याच्या मोफत आवृत्तीत कोपऱ्यात ॲपचं नाव दिसतं, ते नको असेल तर जोडूच नका. फायलींना ०१, ०२ अशी नावं देऊन क्रमाने दाखवा. पालकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चित्र दाबलं जाऊन धुरकट होतं.

या प्रकल्पात मुलांचे चेहरे दिसत नाहीत, ही त्याची मोठी सोय आहे. तरीही आवाज आणि नावं असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती ही मूल धरली जाते आणि तिची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. चित्रफीत शाळेबाहेर टाकायची असेल तर आधी लेखी संमती घ्या आणि श्रेयनामावलीत फक्त पहिली नावं ठेवा.

त्याच खोक्यात अंकुर

दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ च्या सुमारास, कुंडीतल्या वाटाण्याची वाढ रोज थोडी थोडी टिपून ‘अंकुराची वाढ’ ही छोटी फीत केली होती. पुढे १९१५ मध्ये आगकाड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ही केली. म्हणजे वर्गात आपण करतो ते दोन्ही प्रकार महाराष्ट्रात शंभर वर्षांहून जुने आहेत. मुलांना हे जरूर सांगा.

अंकुरासाठी मटकी घ्या. आदल्या दिवशी दुपारी भिजत घाला, रात्री उपसून ओल्या कापडात बांधा. सकाळी ओल्या कापसावर २०-२५ दाणे एकमेकांपासून सुटे मांडा. खोकं खाली घ्या किंवा बशी पुस्तकांवर उचला, म्हणजे दाणे चौकट भरून दिसतील. ॲपचा टाइमर ५ मिनिटांवर लावा, टॅबलेट चार्जरला जोडा आणि खोक्याच्या खिडक्या पुठ्ठ्याने झाकून आत कमी वॅटचा एलईडी दिवा लावा. जुना पिवळा गोळा लावू नका. तो तापतो, दाणे सुकवतो आणि पुठ्ठ्याजवळ धोक्याचा असतो. साडेसहा तासांच्या शाळेत ७८ फोटो होतात. सेकंदाला १२ फोटोंच्या वेगाने ती साडेसहा सेकंदांची फीत होते. थंडीत मोड सावकाश येतात, तेव्हा तोच प्रयोग दुसऱ्या दिवशी पुढे चालू ठेवा. पाणी घालताना ड्रॉपर वापरा. दाणे हलले की फितीत उडी दिसते.

पहिली-दुसरीसाठी

लहान मुलांना मिलिमीटरचा हिशोब जमत नाही. त्यांना ‘स्क्रॅच ज्युनिअर’ द्या. २०१४ मध्ये आयपॅडवर आलेलं आणि नंतर अँड्रॉइडवरही आलेलं हे मोफत ॲप ५ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यातले आदेश चित्रांचे ठोकळे आहेत, त्यामुळे इंग्रजी वाचता येत नसलं तरी बिघडत नाही. एका प्रकल्पात जास्तीत जास्त चार पानं करता येतात, ती छोट्या गोष्टीला नेमकी पुरतात. रंगकामाच्या पडद्यावर कॅमेऱ्याचं बटण आहे. पात्राच्या चेहऱ्याच्या जागी मुलांना स्वतःचं चित्र भरता येतं, पण चेहऱ्याऐवजी त्यांनी वहीत काढलेल्या वाघाचा फोटो भरायला सांगा. मंचावर २० बाय १५ चौकटींची जाळी दाखवता येते. ‘वाघ म्हातारीपासून किती घरं लांब आहे?’ हे मोजून ठोकळ्यात तेवढा आकडा घालायला लावा. बोटाने ढकलून पात्र हवं तिथे नेता येतं आणि मुलं तेच करतात. आकडा घालून चालवायची अट सुरुवातीलाच सांगा.

सगळं झाल्यावर ॲपमधले मूळ प्रकल्प लगेच पुसू नका. वर्गात दाखवल्यावर एखाद्या गटाला आपला एक प्रसंग पुन्हा करावासा वाटतो, आणि दुसऱ्या वेळी तो बहुधा फार चांगला होतो. महिनाभर ठेवा, तोवर व्हिडिओची एक प्रत पेनड्राइव्हवर काढा. कात्रणं आणि तोंडांच्या काड्यापेट्या प्रत्येक गटाच्या नावाच्या पाकिटात घालून कपाटात ठेवा, फोटोंच्या तक्त्यासकट.